क्रिकेटवाल्या पोरांना सॉफ्टबॉल शिकवताना

आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, बिल्डरचं काहीतरी कोर्टात अडकलंय म्हणून मोकळा राहिलाय, तिथे दर रविवारी सकाळी ७ ते ८ मी सहा ते दहा वर्षांच्या पोरांना सॉफ्टबॉल शिकवते. बेसबॉलच्या जातीचा खेळ, बॉल मारला की बॅट ठेवायची आणि एकामागून एक बेस, म्हणजे जमिनीवर ठेवलेल्या खुणा, गाठत गोल पळायचं. तीन वर्षं झाली आता. मी स्वतः जळगावला शाळेत असताना खेळले, विभागापर्यंत गेले, पुढे नाही, त्यामुळे मोठी कोच वगैरे समजू नका. पण अलीकडे तीन-चार जणांनी विचारलं की आम्हालाही आमच्याकडे सुरू करायचंय, सामान काय लागतं, पहिल्या दिवशी काय घ्यायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

एक गोष्ट आधीच डोक्यात ठेवा, तुमच्याकडे येणारं पोरगं कोरं नसतं. ते क्रिकेट खेळून आलेलं असतं, निदान टीव्हीवर बघून तरी. माझ्याकडे पहिल्या रविवारी एक दुसरीतला गडी आला, बॅट हातात दिली तर त्याने ती जमिनीवर ठक ठक आपटून गार्ड घेतला. मी हलकाच बॉल टाकला, त्याने मारला, चांगला मारला आणि बघत उभा राहिला. सगळे ओरडले पळ पळ, तर हा बॅट घेऊनच पळाला, फर्स्ट बेसजवळ गेल्यावर वाकून बॅट लांब करून बेसला टेकवली आणि दुसरी रन काढायला गर्रकन मागे फिरला! माझी हसून हसून वाट लागली, पण तेव्हाच कळलं की इथे अर्धं काम शिकवायचं आहे आणि अर्धं विसरायला लावायचं.

आता सामान. सॉफ्टबॉलचा बॉल नावाला सॉफ्ट आहे, हे पालकांना आधीच सांगून टाका. मोठ्यांचा बॉल १२ इंच घेराचा, वजन १८० ते २०० ग्रॅमच्या मधे, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा जडच, आणि लागला की चांगलाच लागतो. लहानांसाठी १० आणि ११ इंचाचे बॉल मिळतात, त्यातले आत स्पंज असलेले मऊ वाले बघून घ्या. तेही पहिल्या महिन्यात नकोतच. मी सुरुवात मोज्यांच्या गोळ्याने करते, दोन-तीन जुने मोजे एकात एक गुंडाळायचे, मग टेनिस बॉल, मग मऊ बॉल. आम्हाला शाळेत सरांनी पहिल्याच दिवशी खरा बॉल दिला होता, माझ्या मैत्रिणीच्या ओठाला लागला, रक्त आलं, ती दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. चांगली पळायची ती.

बॅट लहान आणि हलकी हवी, २६-२८ इंचाची बास होते. हलकी आहे की नाही ते असं बघायचं, पोराला एका हाताने बॅट समोर सरळ धरायला सांगा आणि दहा अंक मोजा, त्याआधीच टोक खाली झुकलं तर बॅट जड आहे, बाजूला ठेवा. बेस विकत घ्यायची गरज नाही, मी गाडीतले जुने रबरी मॅट वापरते. बॉल ठेवून मारायचा स्टँड, ज्याला टी म्हणतात, तो मी रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पीव्हीसी पाइप उभा करून केलाय, वरच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला की बॉल छान बसतो. पाइप पोराच्या कमरेइतका उंच. आणि फक्की आणा, दोन किलो तरी, तिचं काम पुढे सांगते.

ग्लव्हबद्दल जरा सविस्तर, कारण पहिले दोन रविवार यातच जातात. उजव्या हाताने फेकणाऱ्याने ग्लव्ह डाव्या हातात घालायचा. हे ऐकायला सोपं वाटतं पण दहातली आठ पोरं उजव्याच हातात घालतात, कारण त्यांना वाटतं चांगल्या हाताने पकडायचं. मग बॉल पकडतात, ग्लव्ह काढतात, काखेत धरतात आणि मग फेकतात. त्यांना विचारायचं, "जेवताना घास कुठल्या हाताने घेतोस? त्याच हाताने फेकायचं, तो मोकळा ठेव." पण इथेही एक गंमत आहे. एक पोरगा माझ्याकडे दोन रविवार नुसता धडपडत होता, फेकलेला बॉल भलतीकडेच जायचा, मी आपली कोपर वर घे, पाय पुढे टाक करत बसले, तिसऱ्या रविवारी तो नाव लिहून दाखवत होता तेव्हा बघितलं तर डावखुरा! घरच्यांनी जेवायला उजवा हात लावलाय म्हणून माझा घासाचा प्रश्नही फसला. तेव्हापासून मी पहिल्या दिवशी न सांगता प्रत्येकाच्या पायाशी एक दगड टाकते आणि म्हणते त्या भिंतीला मार. विचार न करता ज्या हाताने उचलेल तो त्याचा फेकायचा हात. डावखुऱ्यांसाठी एक-दोन ग्लव्ह वेगळे लागतात, शाळेच्या किटमधे बहुतेक नसतातच, त्याला उजव्याचा ग्लव्ह उलटा घालून ढकलू नका.

नवीन ग्लव्ह कडक असतो, पोरांच्या बोटांनी मिटतच नाही. आत बॉल ठेवून वरून नाडीने बांधायचा आणि आठवडाभर गादीखाली ठेवायचा, खोबरेल तेल लावायचं तर अगदी बोटभर, जास्त लावलं तर चामडं जड होतं आणि धूळ खातं.

मग कॅच. कॅचमधे खरा प्रश्न हाताचा नसतोच, भीतीचा असतो. बॉल येताना पोरगं डोळे मिटतं आणि तोंड बाजूला करतं, आणि मग बॉल नेमका कानाला लागतो, म्हणजे भीती अजून वाढते. "घाबरू नको" म्हणून कधीच कुणाची भीती गेलेली नाही. तिसरीतली एक मुलगी होती, दरवेळी गच्च डोळे मिटायची, आई बाजूला उभी राहून "अगं बघ ना बॉलकडे" करत होती त्याने अजूनच. मी आईंना चहा प्यायला पाठवलं आणि चार टेनिस बॉलवर स्केचपेनने ठळक आकडे काढले, १, ४, ७, ९. मुलीला म्हटलं पकडू नकोस, पकडायचं कामच नाही, नुसतं ओरडून सांग कुठला आकडा आहे. दोन पावलांवरून खालून हळू टाकत होते. पहिले काही चुकले, मग "सात!" आला, मग "नऊ!", आणि आकडा बघायच्या नादात तिने बॉल दोन्ही हातांनी आपोआप धरला. तिला कळलंच नाही की कॅच झाला. मीही काही बोलले नाही, पुढचा टाकला.

ग्लव्ह कसा धरायचा याचा एकच नियम पोरांना पाठ करायला लावते: छातीच्या वर आला तर बोटं आभाळाकडे, पोटाच्या खाली आला तर बोटं जमिनीकडे. क्रिकेटवाली पोरं सगळे कॅच खालून ओंजळ करून घ्यायला जातात, छातीवर आलेला बॉल मग हनुवटीला लागतो. दुसरा हात ग्लव्हच्या मागे नाही, बाजूला ठेवायचा आणि बॉल आत आला की लगेच वर लावायचा. मी म्हणते ग्लव्ह म्हणजे डबा आणि दुसरा हात म्हणजे झाकण, डबा उघडा ठेवला तर लाडू पडेल. आता मैदानात कुणाचा कॅच सुटला की बाकीची पोरंच ओरडतात, "झाकण! झाकण!"

थ्रोच्या बाबतीत क्रिकेटवाले दोन प्रकारचे असतात, एक समोर तोंड करून नुसत्या हाताने ढकलणारे आणि दुसरे टीव्हीवर बघून बाजूने सपकन फेकणारे. दुसरे दिसायला भारी वाटतात पण बॉल कुठे जाईल देवाला ठाऊक, आणि लहान वयात कोपर खाली ठेवून जोरात फेकलं की दुखायला लागते. मी क्रम असा ठेवते. आधी उजवा गुडघा जमिनीवर टेकवून (डावखुऱ्याने डावा) बसल्या बसल्या फेकायचं, म्हणजे पायांचा गोंधळ जातो आणि फक्त हात आणि खांदा कळतो. ग्लव्हवाला खांदा ज्याला फेकायचंय त्याच्याकडे. बॉल मागे नेला की तो मागच्या माणसाला दाखवायचा, जणू मागे कुणी उभं आहे आणि त्याला म्हणतोय हा बघ माझा बॉल. मग कोपर खांद्याच्या रेषेत आणून फेकायचं आणि फेकून झाल्यावर हात मधेच थांबवायचा नाही, तो दुसऱ्या मांडीपर्यंत गेला पाहिजे. हे जमलं की उभं राहून, ग्लव्हच्या बाजूचा पाय टार्गेटकडे टाकत. बॉल मोठा असल्यामुळे लहान पोरांना दोन बोटांनी धरता येत नाही, तीन-चार बोटं शिवणीवर आडवी टाकू द्या, फक्त तळहाताला चिकटवून घट्ट धरू देऊ नका, बोटांवर राहू दे.

नेम सुधारायला मी लगोरी लावते. सात ठिकऱ्या, टेनिस बॉल, पण नियम बदलून, फोडायची ती वरून थ्रो करूनच, आणि फोडल्यावर बॉल अडवणाऱ्यांनीही अंगावर मारायचा नाही तर एकमेकांकडे थ्रो करून ठिकऱ्यांजवळच्या गड्याला पोचवायचा. यात फेकणं, पकडणं, पळणं तिन्ही येतं आणि कुणी म्हणत नाही की मॅडम बोअर होतंय. (मॅडम मी म्हणायला लावलेलं नाही. अर्धी पोरं काकू म्हणतात आणि एकजण ताई म्हणतो, तो माझा आवडता.) एका वेळी एका पोराचे जोरातले थ्रो चाळीसच्या वर जाऊ देत नाही.

जमिनीवरून येणारा बॉल, ग्राउंडर. क्रिकेटमधे गुडघा टेकवून आडवं होऊन बॉल नुसता अडवला तरी टाळ्या पडतात. इथे अडवून भागत नाही, रनर पळतोय, बॉल उचलून लगेच फर्स्टला द्यायचाय, आणि बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतो. म्हणून पाय खांद्यापेक्षा फाकवून, ढुंगण खाली, ग्लव्ह आधीच मातीला टेकलेला, बोटं खाली, आणि झाकण वरून तयार. ग्लव्ह खालून वर येऊ शकतो पण वरून खाली जाईपर्यंत बॉल पायांमधून गेलेला असतो, हे पोरांना एकदा करून दाखवा, पटतं. आपल्याकडची मैदानं मुरमाची, खडा लागला की बॉल अचानक उसळतो, त्यामुळे सुरुवातीला फक्त हाताने घरंगळत सोडा, बॅटने मारून देऊ नका. आणि सराव सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी मिळून पाच मिनिटं खडे वेचायचे, जास्त खडे त्याला पहिली बॅटिंग.

बेस म्हणजे काय हे समजावताना मला पहिल्या वर्षी फार त्रास झाला, सेफ काय, टॅग काय, कधी पळायचं, कधी थांबायचं. मग डोक्यात आलं की हे तर डोंगर-पाणी आहे! डोंगरावर उभा असलास तर राज्यवाला तुला काही करू शकत नाही, पाण्यात उतरलास तर शिवू शकतो. बेस म्हणजे डोंगर, मधली सगळी जागा म्हणजे पाणी, आणि राज्यवाल्याच्या हातात बॉल पाहिजे. एवढं सांगितलं आणि पाच मिनिटांत पोरं नीट पळायला लागली. आता वॉर्मअपलाच मॅट पसरून डोंगर-पाणी घेते.

फर्स्ट बेसचं मात्र वेगळं सांगावं लागतं. तिथे डोंगरावर थांबायला वेग कमी करायचा नाही, तुडवून सरळ पुढे पळत जायचं, मग शांतपणे परत यायचं, ते चालतं. सेकंड आणि थर्डला पुढे गेलास तर पाण्यात. पोरं शेवटच्या पावलाला उडी मारतात, ती मारू देऊ नका, उडीत वेळ जातो आणि पायही मुरगळतो. आणि बॅटने मारून झाल्यावर पळणाऱ्याला शिवायची गरज नाही, फर्स्टवाल्याने बॉल हातात घेऊन बेसला पाय लावला की आउट, हे रनआउटसारखं समजवा, स्टंप उडवायच्या ऐवजी पाय लावायचा. खऱ्या मैदानात दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं, मी लहानांना ४० फुटांवर लावते, माझी १६ पावलं होतात. स्लाइड, म्हणजे बेसकडे जमिनीवरून घसरत जाणं, अजिबात शिकवत नाही. मुरमावर नाहीच नाही.

बॅटिंग मी मुद्दाम शेवटी ठेवते, तासातलीही शेवटची वीस मिनिटं. आधी दिली तर नंतर कुणाला काही करायचंच नसतं. आधी फक्कीने टीच्या भोवती मोठा गोल काढायचा, पोराने बॅट लांब करून फिरवली तरी बाहेर कुणाला लागणार नाही एवढा, आणि त्या गोलात बॅटरशिवाय कुणीही पाय टाकला तर त्याची बॅटिंग गेली. मी पण. एकदा मीच बॉल ठेवायला घाईने आत गेले तर पोरांनी मला आउट दिलं, बरोबरच होतं.

पकडताना उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावा हात दांड्याच्या टोकाशी, उजवा त्याच्या पुढे, दोन्ही चिकटून. इथपर्यंत क्रिकेटसारखंच. पुढे सगळं उलटं. बॅट जमिनीवर नाही, मागच्या खांद्याच्या वर तयार. बॅट सरळ वरून खाली येत नाही, कमरेच्या उंचीने आडवी फिरते. जे पोरगं सरळ बॅटने फार छान खेळतं त्याला इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो, बिचाऱ्याने क्लासला पैसे भरून शिकलेलं असतं. हातांच्या आधी कंबर फिरली पाहिजे, मागची टाच जात्यासारखी गोल फिरते आणि बेंबी बॉलकडे बघते. बेंबी म्हटलं की पोरं खिदळतात पण लक्षात राहतं. टी पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा, पोटासमोर ठेवला तर बॅट उशिरा लागते. पाइपला बॅट लागून नुसता ठण्ण आवाज येत असेल तर पोरगं बॉलऐवजी मैदानाकडे बघतंय, मारून झाल्यावर दोन सेकंद पाइपच्या टोकाकडेच बघायला लावा. लेट कट मारणारे एक-दोन निघतात, त्यांना सांगा मागे गेला तर फाउल, इथे त्याचे काही मिळत नाही.

बॅट फेकणं ही सगळ्यात डेंजर गोष्ट. घेऊन पळणारे परवडले, मागे भिरकावणारे नाहीत. गोलाच्या बाजूला स्कूटरचा जुना टायर ठेवा, मारल्यावर बॅट टायरमधे ठेवूनच पळायचं, बाहेर पडली तर आउट, कितीही लांब मारलेला असो. दोन आठवडे रडारड होते, मग सवय लागते. टी सोडून फेकलेला बॉल मारायला लागलात की हेल्मेट पाहिजेच, तोंडाला जाळीवालं, एकच असलं तरी चालेल, आळीपाळीने घालतात.

एक झाडूचा दांडा पण ठेवा. ज्याला मोठी बॅट झेपत नाही किंवा ज्याची नजर बसत नाही त्याला दांड्याने मोज्यांचा गोळा मारायला द्या, नजर फार लवकर बसते. आणि पोरांना ही गोष्ट सांगा की हा खेळ १८८७ मधे शिकागोत असाच सुरू झाला, एका क्लबमधे घरातल्या घरात, बॉक्सिंगचा ग्लव्ह बांधून त्याचा बॉल केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. त्यानंतर दांड्यासाठी भांडणं लागतात.

पिचिंग, म्हणजे बॅटरला बॉल टाकणं, आठ वर्षांच्या आत मी सांगतच नाही, बॉल मीच खालून टाकते. त्या पुढच्यांना फक्त मनगटाने खालून, २० फुटांवरून, समोर पाय टाकत. तो गोल हात फिरवून टाकायचा विंडमिल सगळ्यांना पहिल्याच दिवशी करायचा असतो, नाही म्हणा.

तासाची आखणी साधी ठेवा, बारा पोरं असतील तर चार-चारचे तीन गट, दर दहा-बारा मिनिटांनी जागा बदल. तिघांपेक्षा मोठी रांग लागली की समजा मागचा चौथा माती उकरतोय आणि पाचवा कुणालातरी ढकलतोय. गटांवर उभं राहायला पालक पकडा, त्यांना काम दिलं की बाहेरून "मार जोरात" ओरडणंही बंद होतं.

पालक पहिल्याच दिवशी दोन प्रश्न विचारतात, यात स्कोप आहे का आणि दहावीला मार्क मिळतात का. शालेय स्पर्धांमधे सॉफ्टबॉल आहे, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे गट असतात, ऑलिंपिकमधे मुलींचा सॉफ्टबॉल १९९६ ला आला, २००८ नंतर गेला, टोकियोला परत आला तेव्हा जपानने अमेरिकेला हरवून गोल्ड घेतलं, आणि २०२८ ला लॉस एंजेलिसला परत आहे. हे सगळं सांगते आणि मग सांगते की तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे, आत्ता त्याला खडे वेचायला पाठवा.

मऊ बॉलवरून खऱ्या बॉलवर कधी जायचं याचा माझा हिशोब असा, पाच-सहा पावलांवरून दहातले सात-आठ बॉल डोळे उघडे ठेवून ग्लव्हमधे घेतो आणि सुटलेल्या बॉलला तोंड बाजूला करत नाही, तर जा. वय बघू नका. माझ्याकडे साडेसातची एक आहे ती खेळते आणि दहा वर्षांचा एक अजून टेनिस बॉलवर आहे, त्याला त्याची लाज वाटू नये म्हणून अधूनमधून सगळ्यांनाच टेनिस बॉल देते.

पाण्याच्या बाटलीवर नाव लिहायला सांगा. गेल्या रविवारच्या चार बाटल्या आणि एक डाव्या पायाचा बूट अजून माझ्या डिकीत आहे.